खुपऱ्यांच्या निदानात छायाचित्रणाचा वापर

खुपऱ्यांच्या निदानात छायाचित्रणाचा वापर ही सामुदायिक नेत्रआरोग्य सर्वेक्षणांतील एक पद्धत आहे. या पद्धतीत वरची पापणी उलटवून तिच्या आतील अस्तराचे जवळून छायाचित्र घेतले जाते आणि प्रशिक्षित परीक्षक ते छायाचित्र नंतर, बहुधा गावापासून दूर बसून, तपासतो. प्रत्यक्ष तपासणीला पूरक पुरावा मिळवणे, निरनिराळ्या परीक्षकांच्या निर्णयांत सारखेपणा आणणे आणि रोग जवळजवळ नाहीसा झालेल्या प्रदेशात त्याच्यावर लक्ष ठेवणे हे या पद्धतीचे मुख्य हेतू आहेत. संशोधनात ती अनेक दशके वापरली जात असली, तरी जिल्हापातळीवरील सर्वेक्षणांत गावात जाऊन केलेली प्रत्यक्ष तपासणी हीच अजून प्रमाण पद्धत मानली जाते.

## रोग आणि त्याची चिन्हे

खुपऱ्या (ट्रॅकोमा) हा क्लॅमिडिया ट्रॅकोमॅटिस या जीवाणूच्या संसर्गामुळे होणारा डोळ्यांचा रोग आहे. बोटे, एकमेकांचे रुमाल व टॉवेल आणि डोळ्यांवर बसणाऱ्या माश्या यांच्यामार्फत तो पसरतो. लहान मुले हा संसर्गाचा मुख्य साठा असतो. मुलांची देखभाल करणाऱ्या स्त्रियांना तो पुरुषांपेक्षा अधिक प्रमाणात होतो. पाण्याची टंचाई, दाटीवाटीची घरे आणि अपुरी स्वच्छता असलेल्या भागांत त्याचा प्रसार सुलभ होतो. सुश्रुतसंहितेत वर्णिलेला 'पोथकी' हा पापणीचा रोग म्हणजे खुपऱ्याच होत, असे सामान्यतः मानले जाते. त्या वर्णनातही पापणीच्या आत उठणाऱ्या मोहरीसारख्या लाल दाण्यांचा उल्लेख आहे.

एकदा झालेल्या संसर्गाने सहसा दृष्टी जात नाही. बालपणापासून वारंवार संसर्ग होत राहिला, तर पापणीच्या आतील अस्तरावर व्रण पडतात, पापणी आक्रसून आत वळते आणि तिचे केस डोळ्यावर घासू लागतात. डोळ्यात सतत काहीतरी खुपत राहते, बुबुळावरील पारदर्शक पटल (स्वच्छमंडल) खरवडले जाऊन पांढरे पडते आणि कालांतराने कायमचे अंधत्व येते. मुलांमधील दाणे आणि प्रौढांमधील वळलेले केस ही एकाच रोगाची दोन टोके असून त्यांच्यामध्ये अनेक वर्षांचे अंतर असते.

जागतिक आरोग्य संघटनेने १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सुलभ प्रतवारी पद्धतीत पुढील पाच चिन्हे निश्चित करण्यात आली :

* टीएफ (दाणेदार शोथ) – वरच्या पापणीच्या आतील अस्तराच्या मध्यभागी किमान ०.५ मिलिमीटर व्यासाचे पाच किंवा अधिक दाणे (पुटके) असणे.
* टीआय (तीव्र शोथ) – अस्तर इतके सुजलेले असणे की त्याखालील खोल रक्तवाहिन्यांपैकी निम्म्याहून अधिक वाहिन्या दिसत नाहीत.
* टीएस (व्रण) – अस्तरावर पांढरट रेषा किंवा पट्टे असणे.
* टीटी (केस आत वळणे) – पापणीचा किमान एक केस डोळ्याला घासणे.
* सीओ (स्वच्छमंडलाची अपारदर्शकता) – बाहुलीवरील भाग धुरकट होणे.

२०२० मध्ये या पद्धतीतील व्याख्या सुधारण्यात आल्या. आता टीटीचे निदान केवळ वरच्या पापणीच्या केसांवरून केले जाते आणि आत वळलेले केस अलीकडे उपटल्याच्या खुणाही त्यात धरल्या जातात.

सर्वेक्षणात प्रामुख्याने दोन आकडे काढले जातात : १ ते ९ वर्षे वयाच्या मुलांमधील टीएफचे प्रमाण आणि १५ वर्षे व त्यावरील व्यक्तींमधील टीटीचे प्रमाण. टीएफचे प्रमाण ५ टक्क्यांपेक्षा कमी आणि आरोग्ययंत्रणेला ज्ञात नसलेल्या टीटीचे प्रमाण ०.२ टक्क्यांपेक्षा कमी असणे, हे सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून खुपऱ्यांचे निर्मूलन झाल्याचे निकष आहेत. टीटीचे नवे रुग्ण शोधून त्यांच्यावर उपचार करणारी व्यवस्था अस्तित्वात असणेही आवश्यक असते. टीएफचे प्रमाण या मर्यादेच्या वर असल्यास संपूर्ण लोकसंख्येला ॲझिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक देणे, चेहऱ्याची स्वच्छता आणि परिसर सुधारणा असे उपाय योजले जातात. पापणी उलटवून मोजलेल्या पाच दाण्यांवर अशा रीतीने एका जिल्ह्यातील लाखो लोकांना औषध द्यायचे की नाही, हा निर्णय अवलंबून असतो.

## प्रत्यक्ष तपासणी आणि तिच्या अडचणी

नेहमीच्या सर्वेक्षणात नमुना म्हणून निवडलेल्या गावांतील ठरावीक घरांना पथक भेट देते. परीक्षक २.५ पट मोठे दाखवणारे भिंग डोळ्यांवर लावून सूर्यप्रकाशात किंवा विजेरीच्या उजेडात दोन्ही डोळे तपासतो व आपला निष्कर्ष नोंद घेणाऱ्यास सांगतो. २०१२ ते २०१६ या काळात झालेल्या जागतिक ट्रॅकोमा नकाशांकन प्रकल्पात २९ देशांतील सुमारे २६ लाख लोकांची तपासणी याच पद्धतीने झाली. त्या प्रकल्पात स्मार्टफोन वापरले गेले, पण ते माहिती भरण्यासाठी. निदान परीक्षकाच्या डोळ्यांनीच होत होते.

या पद्धतीत तीन अडचणी संभवतात. पहिली म्हणजे निर्णयाचा कोणताही पुरावा मागे राहत नाही. पापणी पूर्ववत झाली की परीक्षकाने काय पाहिले, हे पुन्हा तपासता येत नाही. दुसरी म्हणजे ०.५ मिलिमीटर या मर्यादेच्या आसपासच्या दाण्यांबाबत दोन अनुभवी परीक्षकांचेही मतभेद होतात. तिसरी अडचण रोग कमी होऊ लागल्यावर वाढते. परीक्षकाला प्रमाणपत्र मिळण्यासाठी मुलांची तपासणी करून आपले निष्कर्ष प्रशिक्षकाच्या निष्कर्षांशी जुळवून दाखवावे लागतात. त्या मुलांमध्ये टीएफची पुरेशी उदाहरणे नसतील, तर ही परीक्षा घेणेच अवघड होते. त्यामुळे काही वेळा प्रशिक्षणार्थींना रोग अद्याप आढळणाऱ्या दूरच्या प्रदेशात न्यावे लागते. रोग ओळखू शकणारी माणसे रोगाबरोबरच दुर्मीळ होत जाणे, ही निर्मूलनाच्या अखेरच्या टप्प्यातील एक समस्या आहे.

## इतिहास

प्रशिक्षणासाठी खुपऱ्यांची छायाचित्रे दीर्घकाळ वापरली जात आहेत. १९८७ च्या सुलभ प्रतवारीबरोबर जागतिक आरोग्य संघटनेने प्रत्येक चिन्हाचे रंगीत छायाचित्र असलेले कार्ड वितरित केले. ते आजही क्षेत्रीय कार्यकर्त्यांच्या पिशवीत असते.

सर्वेक्षणाचे साधन म्हणून छायाचित्रे कितपत विश्वसनीय आहेत, याचा अभ्यास शीला वेस्ट आणि ह्यू टेलर यांनी केला. तो १९९० मध्ये 'ब्रिटिश जर्नल ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजी'मध्ये प्रसिद्ध झाला. त्या काळी फिल्मवर छायाचित्रे घेतली जात. ती धुऊन हाती येईपर्यंत चित्र अस्पष्ट आले आहे की नाही हे कळत नसे आणि तोवर पथक गाव सोडून गेलेले असे.

डिजिटल कॅमेऱ्यांमुळे ही अडचण दूर झाली. चित्र तिथल्या तिथे पाहून आवश्यक असल्यास पुन्हा घेणे शक्य झाले. इथिओपिया, नायजर आणि टांझानिया या देशांत ॲझिथ्रोमायसिनच्या सामूहिक वाटपाचा परिणाम तपासणाऱ्या मोठ्या चाचण्यांमध्ये डिजिटल एसएलआर कॅमेरा व सूक्ष्म छायाचित्रणाची लेन्स यांचा वापर झाला. उच्च उत्पन्न असूनही आदिवासी समाजांत खुपऱ्या टिकून राहिलेल्या ऑस्ट्रेलियातही प्रत्यक्ष तपासणी आणि छायाचित्रे यांची तुलना करण्यात आली. तिचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले.

२०१२ मध्ये स्मार्टफोनच्या कॅमेऱ्याने सक्रिय खुपऱ्या ओळखता येतील का, याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पुढे इथिओपियाच्या अम्हारा प्रदेशात, निर्मूलनानंतरच्या देखरेखीसाठी स्मार्टफोन छायाचित्रे उपयोगी पडतील का, हे तपासण्यात आले. टांझानियात डोक्यावर बसवलेल्या चौकटीत स्मार्टफोन ठेवून छायाचित्रे घेणारी प्रणाली जिल्हा सर्वेक्षणात वापरून पाहण्यात आली. या रचनेत छायाचित्रकाराचे दोन्ही हात पापणी उलटवण्यासाठी मोकळे राहतात.

## छायाचित्र घेण्याची पद्धत

छायाचित्रण सहसा दोघांचे पथक करते. एक जण पापणी उलटवून धरतो आणि दुसरा कॅमेरा हाताळतो. लहान मूल असल्यास ते पालकाच्या मांडीवर बसते आणि त्याचे डोके हळुवारपणे स्थिर ठेवले जाते. मुलाला खाली पाहण्यास सांगून पापणीचे केस धरले जातात आणि पापणी वरच्या बाजूने अलगद दाबून उलटवली जाते. संपूर्ण क्रिया काही सेकंदांची असते. तिने इजा होत नाही, पण अस्वस्थता वाटते. म्हणून पापणी किती वेळ उलटी ठेवावी लागते, हा पद्धतीच्या निवडीतील महत्त्वाचा मुद्दा ठरतो.

चांगल्या छायाचित्राच्या अपेक्षा पुढीलप्रमाणे असतात :

* पापणीच्या अस्तराचा मध्यभाग संपूर्ण दिसावा व तो केंद्रबिंदूत असावा. अस्तर किंचित वक्र असल्याने, कडा स्पष्ट आणि मध्यभाग पुसट अशी चूक वारंवार होते.
* फ्लॅशच्या प्रकाशाचे पांढरे ठिपके मध्यभागावर येऊ नयेत. ओलसर अस्तरावरील असा ठिपका दाण्यासारखा भासू शकतो किंवा खरा दाणा झाकून टाकतो.
* आकाराचा अंदाज येण्यासाठी सर्व छायाचित्रे एकाच अंतरावरून व समान विवर्धनाने घ्यावीत. ठरावीक विवर्धनाच्या लेन्समुळे ०.५ मिलिमीटरची मर्यादा पडद्यावर मोजता येते. सामान्य स्मार्टफोनवर ही सोय आपोआप मिळत नाही.
* प्रत्येक पापणीची किमान दोन छायाचित्रे घ्यावीत आणि गाव सोडण्यापूर्वी ती पाहून घ्यावीत.
* छायाचित्रावर नाव न घालता संकेतांक द्यावा. डावा-उजवा डोळा यांची नोंद त्याच वेळी करावी.

एका मुलाकडून दुसऱ्या मुलाकडे जाताना हात निर्जंतुक करणे किंवा हातमोजे बदलणे अनिवार्य असते, कारण हा रोग बोटांमार्फतच पसरतो. कॅमेऱ्याला डोळ्याचा स्पर्श होऊ दिला जात नाही. सक्रिय रोग आढळलेल्या मुलाला छायाचित्राच्या निकालाची वाट न पाहता औषध देण्याची तरतूद पथकाकडे असावी लागते.

## छायाचित्रांची प्रतवारी

छायाचित्रे संगणकावर गोळा झाल्यानंतर प्रथम त्यांची गुणवत्ता पाहिली जाते. प्रतवारी करता येणार नाही अशी चित्रे वेगळी काढली जातात आणि त्यांची संख्या अहवालात नमूद केली जाते. उरलेली चित्रे दोन परीक्षक स्वतंत्रपणे तपासतात. त्यांना गावाचे नाव, मुलाचे वय, औषध दिले गेले होते की नाही आणि दुसऱ्या परीक्षकाचा निर्णय यांपैकी काहीही ठाऊक नसते. मतभेद झाल्यास तिसरा, अधिक अनुभवी परीक्षक निर्णय देतो. आपण औषधवाटप झालेल्या गावात आहोत हे प्रत्यक्ष तपासणीत परीक्षकापासून लपवता येत नाही, आणि नकळत त्याचा परिणाम निर्णयावर होऊ शकतो. छायाचित्रांमुळे हा पूर्वग्रह टाळता येतो.

परीक्षकांमधील सहमती मोजण्यासाठी 'कॅपा' हा गुणांक वापरतात. केवळ योगायोगाने जितकी सहमती होईल, ती वगळून उरलेली सहमती तो दाखवतो. पूर्ण सहमती असल्यास त्याचे मूल्य १ आणि केवळ योगायोगाइतकीच सहमती असल्यास ० असते. जागतिक नकाशांकन प्रकल्पात परीक्षक होण्यासाठी किमान ०.७ कॅपा आवश्यक होता.

रोग दुर्मीळ असताना हा गुणांक सावधपणे वाचावा लागतो. समजा, १०० छायाचित्रांपैकी दोन्ही परीक्षकांनी प्रत्येकी ५ चित्रांत टीएफ असल्याचे ठरवले आणि त्यांपैकी ३ चित्रे समान होती. मग ३ चित्रांत दोघेही 'आहे' म्हणतात, ९३ चित्रांत दोघेही 'नाही' म्हणतात. म्हणजे सहमती ९६ टक्के होते. परंतु बहुतेक चित्रे निरोगी असल्यामुळे योगायोगानेच ९०.५ टक्के सहमती अपेक्षित असते. त्यामुळे कॅपा केवळ ०.५८ येतो. ९६ टक्के हा आकडा आश्वासक दिसत असला, तरी ज्या मोजक्या चित्रांवर निर्णय अवलंबून आहे, त्यांत दोघांचे पुरेसे एकमत नाही.

छायाचित्रांचा आणखी एक लाभ म्हणजे साध्या 'आहे' किंवा 'नाही' या निर्णयापलीकडे जाता येते. दाणे, सूज आणि व्रण यांची प्रत्येकी ० ते ३ अशी सविस्तर श्रेणी देणारी जागतिक आरोग्य संघटनेची १९८१ मधील पद्धत गावातील धावपळीत वापरणे कठीण असते. पडद्यावरील चित्रावर ती सावकाश वापरता येते. एकाच व्यक्तीची निरनिराळ्या वर्षांतील चित्रे शेजारी ठेवून व्रण वाढत आहेत का, हेही पाहता येते.

## अचूकता आणि कमी प्रादुर्भाव

कोणत्याही तपासणीची अचूकता दोन मापांनी सांगितली जाते. रोग असलेल्यांपैकी किती जण ओळखले जातात, ती संवेदनक्षमता आणि रोग नसलेल्यांपैकी किती जणांना योग्य रीतीने निरोगी ठरवले जाते, ती विशिष्टता. रोग सर्वत्र असताना संवेदनक्षमता महत्त्वाची ठरते. रोग ओसरल्यावर विशिष्टतेचे महत्त्व वाढते.

पुढील काल्पनिक उदाहरणावरून हे स्पष्ट होईल. एका जिल्ह्यात १,००० मुलांची तपासणी झाली आणि त्यांपैकी २० मुलांना, म्हणजे २ टक्क्यांना, खरोखर टीएफ आहे. परीक्षकाची संवेदनक्षमता ९० टक्के आणि विशिष्टता ९६ टक्के आहे. तो २० पैकी १८ मुले अचूक ओळखेल. पण उरलेल्या ९८० निरोगी मुलांपैकी ४ टक्के, म्हणजे सुमारे ३९ मुलांनाही तो टीएफ असल्याचे नोंदवेल. अहवालात ५७ मुले, म्हणजे ५.७ टक्के असा आकडा येईल आणि प्रत्यक्षात निकष पूर्ण केलेला जिल्हा ५ टक्क्यांच्या मर्यादेवर गणला जाईल. तेथे अनावश्यक औषधवाटप होईल आणि निर्मूलनाची घोषणा लांबेल.

याउलट खऱ्या दाण्यांकडे दुर्लक्ष करणारा परीक्षक रोग शिल्लक असलेल्या जिल्ह्याला मुक्त ठरवू शकतो. त्या चुकीची किंमत आजच्या मुलांना काही दशकांनी वळलेल्या पापण्यांच्या रूपाने मोजावी लागते. प्रत्यक्ष तपासणीत नोंदवलेल्या प्रत्येक टीएफचे छायाचित्र उपलब्ध असल्यास अशा ५७ चित्रांचे पुनर्परीक्षण एका दिवसात होऊ शकते. मात्र केवळ होकारार्थी नोंदींचीच छायाचित्रे घेतल्यास निसटलेले रुग्ण सापडत नाहीत. म्हणून निरोगी ठरवलेल्या मुलांपैकी काहींची चित्रे यादृच्छिक पद्धतीने घेणेही आवश्यक असते.

## मर्यादा

* छायाचित्र द्विमितीय असते. दाण्याचा उंचवटा परीक्षकाला पापणी किंचित हलवून, प्रकाशाची दिशा बदलून जाणवतो. चित्रात ती सोय नसते.
* टीआयचे निदान चित्रावरून विशेष अवघड असते. रक्तवाहिन्या दिसत नाहीत त्या सुजेमुळे की चित्र अस्पष्ट असल्यामुळे, हे सांगणे नेहमीच शक्य नसते. अस्तराचा लालपणा कॅमेरा, फ्लॅश व पडदा यांनुसार बदलतो.
* टीटीसाठी पापणी उलटवण्यापूर्वीचे वेगळे चित्र लागते. एकच बारीक केस डोळ्याला घासत असेल, तर तो निरनिराळ्या दिशांना पाहायला लावूनच दिसतो. त्यामुळे टीटीसाठी प्रत्यक्ष तपासणीला समर्थ पर्याय नाही.
* छायाचित्र चिन्हे दाखवते, जीवाणू दाखवत नाही. विषाणूजन्य दाह, ॲलर्जी व काही औषधे यांमुळेही दाणे येतात. सॉलोमन बेटांवर मुलांमध्ये टीएफचे प्रमाण बरेच असताना जीवाणूचा संसर्ग अत्यल्प आढळला. उलट, औषधाने जीवाणू नष्ट झाल्यानंतरही दाणे काही काळ टिकून राहतात. म्हणून शंकास्पद प्रदेशांत जीवाणूच्या जनुकीय अंशाची चाचणी आणि रक्तातील प्रतिपिंडांची चाचणी यांचा आधार घेतला जातो.
* उपकरणे, चित्रे साठवणे, ती पाठवणे आणि दोनदा तपासणे यांसाठी वेळ व खर्च लागतो.

## यांत्रिक शिक्षण

प्रतवारी झालेल्या छायाचित्रांच्या आधारे संगणकाला दाणे ओळखण्यास शिकवण्याचे प्रयोग सुरू आहेत. त्यांत चित्राचे स्तरांमागून स्तर विश्लेषण करणारी चेताजालसदृश प्रारूपे वापरली जातात. या प्रारूपांना रोग असलेली व नसलेली अशी दोन्ही प्रकारची पुष्कळ चित्रे लागतात. रोग कमी झाल्यावर पहिल्या प्रकारची नवी चित्रे मिळेनाशी होतात, ही मानवी परीक्षकांची अडचण येथेही कायम राहते. शिवाय संगणकाला शिकवणारी उत्तरे माणसांनीच दिलेली असल्याने त्यांच्यातील मतभेद प्रारूपातही उतरतात. एका देशातील एका प्रकारच्या कॅमेऱ्याच्या चित्रांवर घडवलेले प्रारूप दुसरीकडे तितकेच अचूक ठरेल, असे गृहीत धरता येत नाही.

## भारतातील स्थिती

विसाव्या शतकाच्या मध्यास खुपऱ्या हे भारतातील अंधत्वाच्या प्रमुख कारणांपैकी एक होते. पंजाब, हरियाणा, राजस्थान, गुजरात आणि उत्तर प्रदेश या उत्तर व पश्चिमेकडील कोरड्या भागांत त्यांचा प्रादुर्भाव विशेष होता. केंद्र सरकारने १९६३ मध्ये राष्ट्रीय ट्रॅकोमा नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. १९७६ मध्ये राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाल्यावर हे काम त्यात समाविष्ट झाले. शासकीय माहितीनुसार १९७१ मध्ये देशातील अंधत्वापैकी ५ टक्के अंधत्व खुपऱ्यांमुळे होते. हे प्रमाण पुढे १ टक्क्याच्या खाली आले.

अंदमान व निकोबार द्वीपसमूहातील कार निकोबार बेटावर २०१० च्या सुमारास सुमारे निम्म्या बालकांत सक्रिय रोग आढळला. सलग तीन वर्षे सामूहिक औषधवाटप केल्यानंतर हे प्रमाण पुष्कळ कमी झाले. देशभरात रोग ओसरलेला असताना एखाद्या बेटावर तो मोठ्या प्रमाणात टिकून राहू शकतो, हे यावरून दिसून आले.

नवी दिल्लीतील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या डॉ. राजेंद्र प्रसाद नेत्रविज्ञान केंद्राने २०१४ ते २०१७ या काळात राष्ट्रीय ट्रॅकोमा सर्वेक्षण केले. २७ जिल्ह्यांतील १ ते ९ वर्षे वयाच्या १९,६६२ मुलांची तपासणी झाली आणि सक्रिय रोगाचे प्रमाण ०.७ टक्के आढळले. ८ डिसेंबर २०१७ रोजी भारत संसर्गजन्य खुपऱ्यांपासून मुक्त झाल्याचे केंद्रीय आरोग्यमंत्र्यांनी जाहीर केले. त्यानंतर २०२१ ते २०२४ या काळात २०० जिल्ह्यांत टीटीचे स्वतंत्र सर्वेक्षण झाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतात सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून खुपऱ्यांचे निर्मूलन झाल्यास मान्यता दिली. दक्षिण-पूर्व आशिया विभागात नेपाळ आणि म्यानमार यांच्यानंतर अशी मान्यता मिळालेला भारत हा तिसरा देश आहे.

या मान्यतेचा अर्थ देशात एकही रुग्ण उरलेला नाही असा नाही. रोग पुन्हा वाढत नाही ना, यावर लक्ष ठेवणे आणि पूर्वीच्या संसर्गामुळे पापण्या वळत असलेल्या वृद्धांवर शस्त्रक्रिया करणे ही कामे पुढेही चालू राहतात. छायाचित्रणाची उपयुक्तता या टप्प्यात अधिक असते.

## महाराष्ट्र आणि कोकण

महाराष्ट्राची गणना खुपऱ्यांच्या पारंपरिक पट्ट्यात होत नाही. किनारपट्टीचा दमट प्रदेश तर त्या पट्ट्यापासून हवामानानेही वेगळा आहे. अशा भागात नेत्र चिकित्सा अधिकारी किंवा वैद्यकीय अधिकारी यांना संपूर्ण सेवाकाळात टीएफचा एकही निःसंशय रुग्ण पाहायला मिळणार नाही, ही शक्यता मोठी असते. त्यामुळे एखाद्या मुलाच्या पापणीत दाणे दिसले, तर ते खुपऱ्यांचे की ॲलर्जीचे, हे अनुभवाच्या आधारे ठरवणे कठीण होते.

रत्नागिरी जिल्ह्याच्या गुहागर तालुक्यातील अंजनवेल हे वाशिष्ठी नदीच्या मुखाजवळील, गोपाळगड किल्ल्यासाठी ओळखले जाणारे गाव याचे उदाहरण म्हणून घेता येईल. अशा गावासाठी खुपऱ्यांचे प्रशिक्षित परीक्षक स्वतंत्रपणे नेमणे व्यवहार्य नसते. मात्र अंगणवाडी व शाळांमधील मुलांची तपासणी करणारी पथके तेथपर्यंत पोहोचतात. ० ते १८ वर्षे वयोगटाची आरोग्यतपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथूनच सुरू झाला. शंकास्पद दाण्यांचे योग्य पद्धतीने घेतलेले छायाचित्र अशा पथकाने जिल्हा रुग्णालयातील नेत्रतज्ज्ञाकडे आणि तेथून अनुभवी परीक्षकाकडे पाठवणे तत्त्वतः शक्य आहे. त्यामुळे मुलाला व पालकांना निदानासाठी दूरचा प्रवास करावा लागत नाही, आणि एका गावातील संशयावरून संपूर्ण तालुक्यात औषध वाटण्याचा किंवा संशयाकडे दुर्लक्ष करण्याचा प्रसंगही टळतो.

टीटीबाबत मात्र छायाचित्राची वाट पाहणे योग्य नसते. मोतीबिंदू शिबिरात किंवा ग्रामीण रुग्णालयात आलेल्या वृद्धाच्या पापणीचे केस डोळ्याला घासत असल्याचे आढळल्यास, तो स्थानिक असो वा कामानिमित्त अन्य राज्यातून आलेला असो, त्याला थेट शस्त्रक्रियेसाठी पाठवणे आवश्यक असते. केस उपटल्याने तात्पुरता आराम मिळतो. ते पुन्हा वाढतात आणि पुन्हा घासू लागतात.

## संमती आणि गोपनीयता

सर्वेक्षणातील बहुसंख्य छायाचित्रे लहान मुलांची असतात. पापणीच्या जवळून घेतलेल्या चित्रावरून व्यक्ती सहसा ओळखता येत नाही. परंतु स्मार्टफोनच्या चित्रासोबत ठिकाण व वेळ यांची माहिती आपोआप साठवली जाते. त्यामुळे चित्र पाठवण्यापूर्वी ही माहिती वेगळी करणे आणि वैयक्तिक फोनऐवजी कामासाठी राखीव असलेला फोन वापरणे उचित ठरते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ मधील नैतिक मार्गदर्शक तत्त्वांनुसार संशोधनात सहभागी होणाऱ्या मुलांसाठी पालकांची संमती घ्यावी लागते, तर मोठ्या मुलांची स्वतःची अनुमतीही घेतली जाते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमात १८ वर्षांखालील व्यक्तींच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळणीयोग्य संमतीची तरतूद आहे.

चित्र कशासाठी घेतले जात आहे, ते कोण पाहणार आहे आणि निकाल कुटुंबाला कधी व कसा कळवला जाणार आहे, हे पालकांना त्यांच्या भाषेत सांगणे हा संमतीचाच भाग असतो. तपासणीस होकार आणि छायाचित्रास नकार देण्याचा पर्याय पालकांना असावा, आणि नकारामुळे मुलाच्या उपचारात फरक पडू नये, असा संकेत आहे.

## हेही पहा

* खुपऱ्या
* अंधत्व
* नेत्रविज्ञान
* राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम
* दूरवैद्यक
* अंजनवेल